फुटपाथवरच्या बर्फावर घसरून पडलात, तर काउन्सिलवरचा दावा टिकतो का?

मी पडले ती जागा आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. जानेवारीतली सकाळ, पावणेआठ वाजलेले, मुलाला शाळेच्या फाटकाशी सोडून परत फिरले होते. बर्फ दिसलाच नाही. फुटपाथ ओला आहे एवढंच वाटलं आणि पुढच्या क्षणी मी उजव्या तळहातावर आदळले. इथे ब्रिटनमध्ये त्याला ब्लॅक आइस म्हणतात. तो काळा नसतो. काचेसारखा पातळ थर असतो आणि खालचं डांबर त्यातून आरपार दिसतं. सोलापुरात वाढलेल्या माणसाला अशा जमिनीवर पाय कसा टाकायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, भरपाईचा दावा केला, तो फेटाळला गेला. आज ते पत्र वाचते तेव्हा बरोबरच फेटाळला, असं कबूल करावं लागतं. पुढे दोन हिवाळ्यांनी एका मैत्रिणीच्या सासूबाई बसस्टॉपजवळ पडल्या. त्यांची कागदपत्रं मी जमवून दिली आणि त्यांना भरपाई मिळाली. बर्फ दोन्हीकडे सारखाच होता. काउन्सिलने हिवाळ्यासाठी काय करायचं ठरवलं होतं, तिला काय माहीत होतं आणि त्या दिवशी तिने प्रत्यक्षात काय केलं, याची नोंद दोन्हीकडे वेगळी निघाली. सगळा दावा त्या नोंदींवर उभा राहतो. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे; स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पहिला तास: पुरावा दुपारपर्यंत वितळतो

मी इथेच चुकले. वेदनेने घाम फुटला होता, एका बाईंनी हात धरून उठवलं, मी "थँक यू" म्हणाले आणि घरी गेले. त्या बाईंचं नाव विचारलं नाही. फोटो दुसऱ्या दिवशी नवऱ्याने काढला, तेव्हा फुटपाथ कोरडा ठणठणीत होता.

तुम्ही असं करू नका. उठता येत नसेल तर शेजारी थांबलेल्या माणसाच्या हातात फोन द्या. आधी लांबून एक फोटो घ्या, ज्यात दुकान, वळण, बसस्टॉप असं काहीतरी ओळखीचं येईल. मग जवळून, जमिनीलगत. कोपऱ्यातून उजेड पडला की बर्फाची चकाकी दिसते, सरळ वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. बुटाचं टोक त्या थरावर सरकवून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. इथल्या बहुतेक दिव्याच्या खांबांवर नंबर रंगवलेला किंवा चिकटवलेला असतो. सगळ्यात जवळच्या खांबाचा तो नंबर टिपून घ्या, म्हणजे "नेमकी जागा कोणती" हा वाद पुढे राहत नाही.

मिठाचे दाणे आहेत का तेही बघा. रस्त्यावर टाकायचं मीठ स्वयंपाकघरातल्यासारखं पांढरं नसतं. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून निघणारं खडेमीठ तपकिरी, मातकट दिसतं आणि बाजूच्या भेगांत साचलेलं ओळखू येतं. दाणे दिसले नाहीत म्हणजे मीठ टाकलंच नाही असं सिद्ध होत नाही, कारण ते विरघळतं. तरी फोटो हवाच.

पाणी कुठून आलं हे बघायला विसरू नका. हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नव्हता, आणि खरं तर तो पहिला विचारायला हवा. आदल्या रात्री पाऊस नव्हता, आजूबाजूचा फुटपाथ कोरडा आहे आणि एवढ्याच पट्ट्यावर बर्फ आहे, तर पाणी कुठूनतरी वाहत आलंय. तुंबलेलं जाळीचं गटार, फुटलेला पाइप, कुणाच्या छपराचं पन्हळ, काहीही असेल. त्याचा फोटो घ्या. काही वेळा दावा काउन्सिलकडून पाणी कंपनीकडे किंवा शेजारच्या इमारतीच्या मालकाकडे वळतो तो इथूनच.

मग ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा अपघात विभाग. तिथे नर्सला आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा: अमुक रस्त्यावर, फुटपाथवर, बर्फावरून घसरले. घाईत नुसतं "पडले" असं म्हटलं तर नोंदीत नुसतं पडणंच उतरतं आणि दीड वर्षाने समोरचा वकील नेमकं तेच पान काढतो. बूट धुऊ नका, टाकू नका, पिशवीत घालून ठेवा. तळ झिजलेले नव्हते हे दाखवायची वेळ येऊ शकते.

फुटपाथ कोणाचा, हे आधी शोधा

काउन्सिल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बिन उचलणारी, काउन्सिल टॅक्स गोळा करणारी संस्था येते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत मात्र दोन पातळ्यांचा कारभार आहे: कचरा डिस्ट्रिक्ट काउन्सिलचा आणि रस्ते काउंटी काउन्सिलचे. तिथे डिस्ट्रिक्टला पत्र लिहिलं तर महिना वाया जातो. युनिटरी काउन्सिल असेल तर सगळं एकाच छताखाली. लंडनमध्ये रस्ते बहुतांशी बरोचे, म्हणजे तिथल्या भागाभागांच्या काउन्सिलांचे, पण रेड रूट म्हणतात ते मोठे रस्ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचे. इंग्लंडमधले मोटरवे आणि मुख्य ट्रंक रस्ते नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे.

सुपरमार्केटचा कार पार्क, स्टेशनचं आवार, हाउसिंग असोसिएशनच्या फ्लॅटमधली वाट, हे सार्वजनिक वाटतं पण खाजगी असतं. तिथे १९५७ चा ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट लागतो आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला जाब विचारायचा. नव्या वसाहतींतले रस्ते अनेकदा काउन्सिलने अजून ताब्यात घेतलेले नसतात. शंका असेल तर सरळ विचारा. सार्वजनिक खर्चाने ज्यांची देखभाल होते अशा रस्त्यांची यादी ठेवणं हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम ३६ नुसार काउन्सिलला बंधनकारक आहे आणि ती यादी कुणालाही बघता येते.

कायदा इथवर कसा आला

हा भाग कोरडा वाटेल, पण काउन्सिलचं उत्तर कशाला धरून येतं ते यातून कळतं.

१९८० च्या कायद्याचं कलम ४१ म्हणतं की रस्त्याची देखभाल करणं हे हायवे ऑथॉरिटीचं, म्हणजे तो रस्ता ज्या काउन्सिलकडे किंवा संस्थेकडे आहे तिचं, कर्तव्य आहे. देखभालीत बर्फ काढणं येतं का? हा वाद जुन्या कायद्यापासून चालत आला होता. मिसेस हेडन नावाच्या बाई केंटमध्ये उताराच्या पायवाटेवर घसरून पडल्या होत्या. १९७८ साली अपील कोर्टातल्या बहुमताने म्हटलं की देखभालीत बर्फही येऊ शकतो. पण काउन्सिलने वाजवीपेक्षा जास्त वेळ लावला हे त्यांना दाखवता आलं नाही आणि त्या हरल्या. बर्फ देखभालीत येत नाही असं लॉर्ड डेनिंग यांचं वेगळं मत होतं.

मग गुड्स विरुद्ध ईस्ट ससेक्स काउंटी काउन्सिल. नोव्हेंबर १९९१ मध्ये सकाळी एका माणसाची गाडी ब्लॅक आइसवरून घसरली आणि तो जवळजवळ पूर्ण लुळा झाला. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, डेनिंग यांचं मत उचलून धरलं: रस्त्याची देखभाल म्हणजे रस्त्याच्या बांधणीची देखभाल, वर साचलेला बर्फ त्यात नाही. इतका जायबंदी झालेला माणूस कायद्याच्या शब्दावर हरला.

त्यावर संसदेने कायदा बदलला. रेल्वेज अँड ट्रान्सपोर्ट सेफ्टी ॲक्ट २००३ ने कलम ४१ मध्ये पोटकलम १ए घातलं. ते ३१ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे. त्याचा मतलब असा: हिम किंवा बर्फामुळे रस्त्यावरून सुरक्षित जाण्याला धोका होणार नाही याची काळजी, व्यवहारात वाजवीपणे शक्य असेल तितपत, ऑथॉरिटीने घ्यायची आहे. फुटपाथही त्यात आले.

तुमचा दावा याच पोटकलमावर उभा राहतो आणि "वाजवीपणे शक्य असेल तितपत" या शब्दांवर पडतोही. एकेका काउन्सिलच्या हद्दीत शेकडो मैल फुटपाथ असतात. एका रात्रीत सगळ्यांवर मीठ टाका असं कुठलंच कोर्ट म्हणणार नाही. आणि वर कलम ५८ चा बचाव आहेच: परिस्थिती बघता घ्यायला हवी तेवढी काळजी आम्ही घेतली होती. तो बचाव तोलताना रस्ता कसा आहे, त्यावर वर्दळ किती, धोका काउन्सिलला माहीत होता का किंवा माहीत असायला हवा होता का, आणि दुरुस्ती होईपर्यंत इशाऱ्याची पाटी लावली होती का, हे बघतात.

हिवाळी आराखडा मागवा

प्रत्येक हायवे ऑथॉरिटी दर वर्षी हिवाळ्यासाठी एक आराखडा ठेवते. विंटर सर्व्हिस प्लॅन असं काहीतरी नाव असतं आणि बहुतेक वेळा तो वेबसाइटवर मिळतो. वकिलाला फोन करण्याआधी तो वाचा. मी वाचला असता तर माझा दावा कुठे बसतो ते एका संध्याकाळी कळलं असतं.

त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे फुटपाथांची प्राधान्य-यादी. साधारणपणे शहराचा मध्य, हॉस्पिटलसमोरचा भाग, बस स्टँड, गर्दीचे पादचारी पूल वरच्या गटात असतात. घरांच्या गल्ल्यांतले फुटपाथ शेवटच्या गटात, बर्फ दिवसचे दिवस टिकला तरच हात लावायचे. माझा फुटपाथ त्या शेवटच्या गटात होता. पडले ती पहिल्या गोठणाऱ्या रात्रीनंतरची सकाळ. तिथेच विषय संपला होता. दुसरी गोष्ट, वरच्या गटाला किती तासांत मीठ पडलं पाहिजे. आणि तिसरी, निर्णय कोण घेतं: ड्युटीवरचा अधिकारी रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा अंदाज बघून आज ग्रिटर, म्हणजे मीठ टाकणाऱ्या गाड्या, बाहेर काढायचे की नाही ते ठरवतो आणि त्याची वेळेसकट नोंद होते.

एक आडवळण घेते. गाड्यांच्या रस्त्यावर मीठ जितकं चालतं तितकं फुटपाथवर चालत नाही. टायर मीठ चिरडून पाण्यात मिसळतात. चार पादचाऱ्यांच्या पायांनी ते होत नाही. शिवाय थंडी उणे आठ-दहाच्या खाली गेली की मीठ जवळपास निकामी होतं. "मीठ टाकलं होतं, तरी बर्फ होता" हे काउन्सिलचं म्हणणं म्हणूनच प्रत्येक वेळी खोटं नसतं.

आराखडा हाती आला की फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट २००० खाली ईमेल करा. फी नाही, उत्तराची मुदत कामाचे २० दिवस. मैत्रिणीच्या सासूबाईंसाठी मी हे मागितलं होतं: त्या दिवशीचा आणि आधीच्या तीन दिवसांचा रस्ता-हवामानाचा अंदाज, ग्रिटर कधी निघाले, कुठल्या मार्गाने गेले, त्या फुटपाथवर हाताने मीठ टाकलं असल्यास वेळ, आराखड्यात तो फुटपाथ कुठल्या गटात आहे, आणि मागच्या १२ महिन्यांत त्या जागेबद्दल पाणी, बर्फ, गटार, पडझड यांच्या आलेल्या सगळ्या तक्रारी, तारखांसकट. आपली दुखापत, दावा, राग यांतलं एक अक्षर त्यात लिहायचं नाही. नुसती माहिती मागायची.

उत्तरात निघालं ते असं: बसस्टॉपजवळचं गटार तुंबल्याची तक्रार ऑक्टोबरात एकदा, डिसेंबरात पुन्हा आलेली. दोन्हींपुढे "पाहणी बाकी". सासूबाई पडल्या जानेवारीत, त्याच गटारातून फुटपाथवर पसरून गोठलेल्या पाण्यावर.

दावा कुठे उभा राहतो

रात्री पडलेल्या दहिवरावर सकाळी घसरलात आणि जागा साध्या गल्लीतली, तर सोडून द्या. माझं मत विचाराल तर त्यावर वकिलाचा एक फोनसुद्धा खर्चू नये.

आराखड्यात वरच्या गटात असलेला फुटपाथ काउन्सिलने स्वतः ठरवलेल्या वेळेत हाताळला नसेल, तर दाव्यात दम आहे. धोका कळवलेला असून आठवडेच्या आठवडे काही केलं नाही, तरीही. रस्त्यावरचा बर्फ ढकलून फुटपाथवर ढीग केला आणि तो वितळून पुन्हा गोठला, तर तो धोका त्यांनीच तयार केलेला असतो.

सगळ्यात भक्कम बाजू पाण्याची. गटारं ही रस्त्याच्या बांधणीचा भाग आहेत आणि ती तुंबू न देणं हे कलम ४१ च्या मूळ कर्तव्यातच येतं. अपील कोर्टाने २००६ साली मॉट मॅकडॉनल्ड खटल्यात तसं स्पष्ट केलं. म्हणजे तुंबलेल्या गटाराचं पाणी गोठलं असेल तर भांडण बर्फाच्या पोटकलमापुरतं राहत नाही, देखभालीचं होतं. पैसे नव्हते ही सबब कलम ५८ खाली चालत नाही, हेही अपील कोर्टाने २०११ च्या यॉर्कच्या खटल्यात सांगितलं आहे. तो खड्ड्यात पडलेल्या सायकलवाल्या बाईंचा खटला होता, पण मुद्दा इथे उपयोगी पडतो.

दावा करताना

मुदत तीन वर्षं, पडल्याच्या तारखेपासून. तोवर कोर्टात दावा दाखल झालेला असला पाहिजे. नुसतं पत्र पाठवून भागत नाही. मूल पडलं असेल तर त्याची तीन वर्षं अठरावा वाढदिवस झाल्यावर सुरू होतात.

किरकोळ मार असेल आणि दुखापतीपोटीची रक्कम १,५०० पौंडांच्या आत राहणार असेल, तर प्रकरण साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या साध्या प्रक्रियेत, जातं. तिथे वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही, त्यामुळे स्वतः लढावं लागतं. त्याच्या वर आणि २५,००० पौंडांपर्यंत असेल तर सॉलिसिटर ऑनलाइन क्लेम्स पोर्टलवरून नोटीस पाठवतात आणि जबाबदारी मान्य की अमान्य हे सांगायला समोरच्याला कामाचे ४० दिवस मिळतात. पोर्टलबाहेर, साध्या पत्राने दावा केला तर पोच देण्यासाठी २१ दिवस आणि तपासासाठी तीन महिन्यांपर्यंत वेळ असतो. जबाबदारी नाकारली तर काउन्सिलने कागद द्यायला हवेत: अपघाताआधीच्या १२ महिन्यांच्या पाहणीच्या, दुरुस्तीच्या, तक्रारींच्या नोंदी. कोर्टाच्या नियमांतच ती यादी आहे.

नो विन नो फी, म्हणजे हरलात तर वकिलाला फी नाही, हा करार म्हणजे फुकट नव्हे. जिंकलात तर वकील सक्सेस फी घेतो. ती दुखापतीची भरपाई आणि तोवर झालेलं नुकसान यांच्या २५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. हरलात तर समोरच्याचा खर्च सहसा तुमच्यावर पडत नाही. पण खोटं बोललात हे सिद्ध झालं, की ते संरक्षण जातं. बर्फ नसताना बर्फ सांगू नका, आणि काम सुरू केलेलं असताना घरी पडून होते असंही नाही.

किती आणि कशाकशाचे

दुखापतीची रक्कम ज्युडिशियल कॉलेज या न्यायाधीशांच्या प्रशिक्षण संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेतल्या, दुखापतीनुसार दिलेल्या रकमांच्या पट्ट्यांवरून ठरते. त्यासाठी स्वतंत्र डॉक्टरचा अहवाल लागतो. त्याशिवाय बुडलेला पगार, टॅक्सी, औषधं. पावत्या एका पाकिटात टाकत जा.

आपली माणसं एक गोष्ट हमखास सोडतात: घरच्यांनी केलेली सेवा. अंघोळ घालणं, वेणी घालणं, स्वयंपाक, मुलांना सोडणं. नवऱ्याने किंवा बहिणीने हे पैसे न घेता केलं तरी त्याचं मोल दाव्यात मागता येतं. "घरचं काय मोजायचं" म्हणून सासूबाई तयार नव्हत्या. मैत्रिणीने सहा आठवडे रोज किती तास काय केलं त्याची वही ठेवली होती, तीच कामाला आली.

तुमचाही दोष असेल तर रक्कम कापली जाते. बर्फ दिसत असताना, बाजूने कोरडी वाट असताना चपलांत गेलात, तर कापणार.

कामावर असताना पडलात तर

केअरर, पोस्टमन, डिलिव्हरीवाले यांनी मालकाकडेही बघावं. ग्लासगोतल्या एक होम केअरर डिसेंबर २०१० मध्ये रुग्णाच्या घरी जाताना बर्फाळ पायवाटेवर पडल्या. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली केनेडी विरुद्ध कॉर्डिया या खटल्यात मालकाला जबाबदार धरलं, कारण बुटांना लावायचे पकड देणारे साधे पट्टे त्याने दिले नव्हते. फुटपाथ कोणाचा हा प्रश्न तिथे बाजूलाच राहिला.

भारतातून आलेले आई-बाबा

ते व्हिजिटर व्हिसावर असले तरी दावा करता येतो. नागरिकत्वाचा संबंध नाही. इंग्लंडमध्ये ए अँड ई तपासणी मोफत असते, पण ॲडमिट केलं किंवा ऑपरेशन झालं तर बिल येतं आणि ते मोठं असतं. प्रवासी विम्याला त्याच दिवशी कळवा. वैद्यकीय अहवाल आणि सही केलेला जबाब परतीच्या विमानाआधी करून घ्या.

सीमेपलीकडे

स्कॉटलंडमध्ये रोड्स (स्कॉटलंड) ॲक्ट १९८४ चं कलम ३४ आहे. त्यात काउन्सिलने "तिला वाजवी वाटतील" ती पावलं उचलायची आहेत, म्हणजे काउन्सिलच्या विवेकाला जागा जास्त आणि पडलेल्याला चढण जास्त. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये रस्ते काउन्सिलचे नाहीतच, डिपार्टमेंट फॉर इन्फ्रास्ट्रक्चरचे आहेत.

आणि स्वतःच्या दारापुढचा फुटपाथ

"साफ केलास आणि कुणी पडलं तर तुझ्यावर केस होईल" असं आमच्या रस्त्यावर सगळे सांगतात. घरापुढचा फुटपाथ साफ करायला कायद्याने मनाई नाही, आणि नीट केलात तर तुमच्यावर दावा होण्याची शक्यता फार कमी, असं सरकारच सांगतं. सकाळी लवकर, बर्फ भुसभुशीत असतानाच खोरं चालवा आणि ढीग गटाराच्या जाळीवर लोटू नका. मग चौरस मीटरला एक मोठा चमचा मीठ भुरभुरा, घरातलं चालतं. माझ्या शेजाऱ्याने पहिल्या वर्षी किटलीभर गरम पाणी ओतलं होतं. दहा मिनिटं छान दिसलं, मग त्याचीच काच झाली आणि पोस्टमन त्यावरून पायरीपर्यंत बसून घसरत आला.